किल्ल्यांचा जुडगा

मैत्रिणींनो, तुमच्या घरात किल्ल्या कुणाजवळ असतात? हसू नका हं! प्रश्न साधा वाटतो, पण मनाशी खरं उत्तर देऊन बघा.

मी लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा आमच्या सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. धान्याच्या खोलीची किल्ली, कपाटाची किल्ली, देवघरातल्या पेटीची किल्ली. सासूबाई स्वभावानं गरीब. मला कधी उलट शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाक, पाहुणे, सणवार सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. पण वाटीभर शेंगदाणे काढायचे तरी "आई, किल्ली देता का?" म्हणून विचारावं लागायचं. काम माझं, कुलूप त्यांचं! तेव्हा मला वाटायचं, ही गोष्ट सासूसुनांचीच. पुढं शाळेत नोकरीला लागले आणि कळलं, जुडगा सगळीकडे असतो. फक्त कंबर बदलते.

मी एका खाजगी अनुदानित प्राथमिक शाळेत अर्धवेळ शिकवते. संस्थेनं मला मानधनावर घेतलंय. रोज मराठीचे चार तास घ्यायचे आणि घरी यायचं. आमच्या मोठ्या बाई म्हणजे कष्टाचा डोंगर. सकाळी सर्वांआधी येणार, संध्याकाळी सर्वांनंतर जाणार. खडूची पेटी त्यांच्या टेबलात, ग्रंथालयाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये, पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीचं कुलूप त्यांच्याच हातानं उघडायचं. एखाद्या मुलाला ताप आला तर घरी फोन करायचा की नाही, हेसुद्धा बाईंना विचारून. आम्ही शिक्षिका आपापसांत कुरकुरायचो, "बाई कुणावर विश्वासच ठेवत नाहीत!" आणि तास संपला की निवांत घरी जायचो. तो निवांतपणा आम्हाला कुठून मिळत होता, याचा विचार मात्र कधी केला नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कोल्हापूरकर तो महिना विसरणार नाहीत. पंचगंगेच्या पाण्यानं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पुढं ते ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हमरस्ता पाण्याखाली गेला आणि कितीतरी दिवस बंद राहिला. आमच्या मोठ्या बाई रविवारी शिरोळ तालुक्यात माहेरी गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. फोन लागेना.

आमची शाळा उंचावर. दुपारनंतर खालच्या गल्ल्यांतली माणसं फाटकाशी येऊ लागली. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं. म्हाताऱ्या बायका भिजून काकडलेल्या. आमच्या शिपाईमामांजवळ फाटकाची तेवढी किल्ली होती. त्यांनी फाटक उघडलं, माणसं व्हरांड्यात बसली. पाऊस तिरपा आत येत होता. वर्गांना कुलपं, हॉलला कुलूप, आणि तांदळाच्या खोलीला तर दोन कुलपं.

जवळ राहणाऱ्या आम्ही पाच शिक्षिका जमलो होतो. एक म्हणाली, "बाईंना विचारल्याशिवाय कसं?" दुसरी म्हणाली, "तांदूळ सरकारचा आहे, हिशेब कोण देणार?" तिसरी म्हणाली, "संस्थेच्या सेक्रेटरींना फोन लावून बघूया." तोही लागला नाही. मी काय म्हटलं? मी काहीच म्हटलं नाही. मनात म्हटलं, आपण अर्धवेळ. आपला काय संबंध?

असा दीड तास गेला! दीड तास आम्ही पाच शिकलेल्या बायका बंद दाराबाहेर उभ्या होतो, आणि आमच्या पायाशी आमच्याच वर्गातली पोरं कुडकुडत होती.

शेवटी आमच्यातली सगळ्यांत धाकटी शिक्षिका, जिला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, ती पुढं झाली. म्हणाली, "मामा, कुलूप तोडा. नाव माझं सांगा."

मामा म्हणाले, "बाई, तुमी म्हंताय खरं, पर उद्या कायतर झालं तर?"

"उद्याचं उद्या बघू. आत्ता तोडा."

हॉल उघडला, वर्ग उघडले, तांदूळ निघाला. शेजारच्या घरांतून भांडी आली, डाळ आली. धाकटीनं वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं : आज पूरग्रस्तांसाठी इतका तांदूळ काढला. खाली सही केली आणि कागद आमच्याकडे सरकवला. तिघींनी सह्या केल्या. पेन माझ्या हातात आलं तेव्हा माझा हात क्षणभर थांबला, हे आज कबूल करते. सगळ्यांत शेवटची सही माझी आहे.

पाणी उतरल्यावर मोठ्या बाई आल्या. आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी तो कागद वाचला, रजिस्टरात चिकटवला आणि खुर्चीत बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, मी सगळं सांभाळते म्हणून तुम्हाला त्रास नाही. मी तर तुम्हाला पांगळं करून ठेवलं होतं."

आम्ही गप्प. कारण अर्धी चूक आमचीही होती ना! पांगळं होण्यात आमचीही सोय होती. निर्णय बाईंचा म्हटलं की चूकही बाईंची!

त्या घटनेनंतर मी या विषयावर जरा वाचायला लागले. आमच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या माणसानं हा विचार किती आधी केला होता, हे वाचून आश्चर्य वाटलं. जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. जन्म ५ सप्टेंबर १९०७, म्हणजे आपण शिक्षक दिन साजरा करतो तीच तारीख! गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. १९६४ मध्ये देशाच्या शिक्षणाचा विचार करायला कोठारी आयोग नेमला गेला, त्याचे ते सदस्य-सचिव होते. १९६६ च्या त्या अहवालात शाळा संकुलाची कल्पना आहे. एक मोठी शाळा मध्ये धरायची, आसपासच्या लहान शाळा तिला जोडायच्या. शिक्षकांनी एकत्र बसून कामाची आखणी करायची, साधनं वाटून वापरायची, एकमेकांच्या अडचणी सोडवायच्या आणि काही निर्णय वरच्या कचेरीची वाट न बघता तिथल्या तिथं घ्यायचे. एकटी शाळा आणि एकटा शिक्षक दोघंही दुबळे, हे त्यामागचं मर्म. आपल्याकडच्या केंद्रशाळा आणि शिक्षकांच्या शिक्षण परिषदा त्याच वाटेवरच्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळा संकुल पुन्हा आलं आहे. कल्पना जुनी झाली, पण अंगवळणी काही पडली नाही. का? तर कागदावर अधिकार वाटणं सोपं, मनातून सोडणं अवघड!

मनातून सोडलं तर काय होतं, त्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे, आणि तेही दोन स्त्रियांचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवायची, असे प्रयोग तिथं झाले. ताराबाई वयानं, मानानं मोठ्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण काम त्यांच्या एकटीच्या कमरेला बांधलेलं नव्हतं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. एका माणसाभोवती उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर बसते, असं आपण कितीदा बघतो. कोसबाड बसलं नाही. अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, चालवलं. अठ्ठावीस वर्षं शेजारी उभी राहून केलेलं काम होतं ते. मग एका दिवसात परकं कसं होणार?

आमच्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. शिक्षकानं नुसतं पुस्तक उरकू नये, आपल्या मुलांकडे बघून आपला पाठ आपणच रचावा, हा लीलाताईंचा आग्रह. म्हणजे वर्गात काय आणि कसं करायचं याची किल्ली शिक्षिकेच्या हाती! लीलाताई २०२० मध्ये गेल्या, पण कोल्हापुरात शिकवणाऱ्या बाईला आजही त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आता कुणी म्हणेल, सगळ्यांनी मिळून चालवायचं म्हणजे भांडणं आलीच. खरं आहे! पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली, ती शिक्षकांनीच चालवायची म्हणून. आजीव सदस्य म्हणजे तिथं शिकवणारेच, आणि कारभारीही तेच. टिळक, आगरकर, आपटे यांच्यासारखी माणसं. तरीही मानधन आणि बाहेरची कामं यांवरून त्यांच्यात इतके मतभेद झाले की १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. एवढ्या मोठ्यांचं असं झालं, तिथं आपली काय कथा? पण ही गोष्ट इथंच संपत नाही. संस्था मोडली नाही. ती आजही उभी आहे. वाद झाला म्हणजे वाटणी चुकली असं नव्हे. पैशाचं आणि वेळेचं आधीच स्पष्ट ठरवायला हवं, एवढाच धडा मी त्यातून घेतला.

आमच्या शाळेतही भांडणं झालीच. बाईंनी एक वही केली. कुठल्या गोष्टीचा निर्णय कुणी घ्यायचा ते त्यात लिहिलं. आजारी मुलाचं वर्गशिक्षिकेनं बघायचं, नंतर सांगायचं. सहलीचं दोघींनी. प्रत्येक किल्लीची जोडी दुसऱ्या शिक्षिकेकडे. सोमवारच्या बैठकीत पाळीपाळीनं एकेकीनं पुढं बसायचं, बाईंनी इतरांबरोबर बाकावर. पहिल्याच वर्षी सहलीसाठी दोन गाड्या ठरल्या! एकीनं एक ठरवली, दुसरीनं दुसरी. संस्थेकडून बोलणी आली ती बाईंना. आमची नावं त्यांना सांगता आली असती. त्या म्हणाल्या, "चूक शाळेची झाली. पुढच्या वेळी होणार नाही." त्या दिवशी मला कळलं, अधिकार वाटून देणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. पण ती वेगळी असते. आधी बाई किल्ल्या सांभाळत होत्या, आता माणसं सांभाळायला लागल्या.

आणि मी? माझ्याकडे ग्रंथालय आलं. मी लगेच म्हटलं, "बाई, मी तर अर्धवेळ." त्या म्हणाल्या, "मुलं तुमच्या तासाला अर्धवेळ ऐकतात का?" काय बोलणार! किल्ली घेतली. कपाटं उघडी ठेवली. तीन पुस्तकं हरवली, दोन फाटली. आणि कपाटात वर्षानुवर्षं कोरी राहिलेली पुस्तकं पोरांच्या दप्तरांतून फिरायला लागली. हरवलेल्या तीन पुस्तकांचं मला वाईट वाटलं. पण आधी तर सगळीच हरवलेली होती, नाही का?

खाजगी अनुदानित शाळांत मोठ्या बाईंची खुर्ची सेवाज्येष्ठतेनं येते, १९८१ ची नियमावलीच तशी आहे. त्यात गैर काही नाही. वर्षं भरली, खुर्ची मिळाली. पण वीस-पंचवीस वर्षं जिनं फक्त "हो बाई" म्हटलं, तिला एका सकाळी निर्णय घ्यायला सांगतात! मग ती घाबरून सगळ्या किल्ल्या मुठीत धरते. त्या मुठीला नावं ठेवण्याआधी, तिला आधी कुणी काही सांभाळायला दिलं होतं का, हेही विचारायला हवं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आम्ही काही शिक्षिका नाही, आम्हाला याचं काय? पण तुम्ही आई आहात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे या समितीचं काम आहे. म्हणजे कायद्यानं एक किल्ली तुमच्या हातात दिलेली आहे! पण होतं काय? "वैनी, इथं सही करा" म्हणतात, आणि आपण पदराला हात पुसून सही करतो. पुढच्या वेळी सही करण्याआधी कागद वाचायला मागा. काय ठरलं, कुणी ठरवलं, एवढं विचारा. आपल्याला काय कळतंय, असं म्हणू नका. वीस माणसांचा स्वयंपाक अंदाजानं करणाऱ्या बाईला शाळेच्या पाण्याच्या टाकीचा हिशेब नक्की कळतो.

आता घरी येऊया. कारण खरी परीक्षा तिथंच झाली.

मागच्या वर्षी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. चार दिवस दवाखान्यात होते. पहिल्याच सकाळी ह्यांचा फोन, "अगं, हळद कुठं आहे?" दुपारी मुलीचा फोन, "आई, गॅसवाले आलेत, पैसे कुठून देऊ?" संध्याकाळी धाकट्याचा, "उद्याचा डबा काय?" मी वैतागून शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हटलं, "बघा, माझ्याशिवाय घराचं पान हलत नाही!" आणि बोलता बोलता जीभ चावली. हे वाक्य मी कुठं ऐकलं होतं? आमच्या मोठ्या बाई तर असंच बोलायच्या! शाळेत ज्या गोष्टीला नावं ठेवली, ती मी घरात रोज करत होते. फरक एवढाच की माझ्या किल्ल्या दिसत नव्हत्या. सगळं माझ्या डोक्यात कुलूपबंद. कुठं काय आहे, किती आहे, कधी लागतं. आणि वर तक्रार, कुणी हातभार लावत नाही म्हणून!

घरी आले त्या रात्री सासूबाई माझ्याजवळ बसल्या. आता त्यांच्या कमरेला जुडगा नसतो. आठ वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी त्यांनी तो माझ्या हातात दिला होता आणि म्हणाल्या होत्या, "घे पोरी. आता मी विचारणार न्हाई." आणि खरंच, एकदाही विचारलं नाही. त्या वर्षी माझी चकली बिघडली. डबाभर चकल्या मऊ पडल्या. सासूबाईंनी त्या दह्यात कालवून मुकाट्यानं खाल्ल्या! त्यांना न विचारता राहायला किती जड गेलं असेल, ते मला आत्ता कळतंय.

म्हणून मी सुरुवात केली आहे. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. एक, काम देताना त्याबरोबरचा निर्णयही द्यायचा. भाजी आणायला पाठवायचं तर कुठली आणायची हेही त्यांनीच ठरवायचं. दोन, पैसे किती ते आधी सांगायचं, नंतर पै-पैचा जाब विचारायचा नाही. तीन, वस्तूंच्या जागा सगळ्यांना माहीत हव्यात, डब्यांवर नावं हवीत. चार, पहिली चूक झाली की काम काढून घ्यायचं नाही. आणि पाच, सगळ्यांत अवघड, मागं उभं राहून "असं नको, तसं कर" म्हणायचं नाही.

गेल्या रविवारी आठवड्याच्या भाजीची पिशवी आणि पैसे मी मुलीच्या हातात दिले. सहावीत आहे ती. तासाभरानं आली ती दोन किलो वांगी घेऊन! "आई, खूप स्वस्त होती." तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. सासूबाई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसल्या.

तीन दिवस आमच्याकडे वांगी चालली आहेत. भरली वांगी झाली, भरीत झालं, आज वांगी-भात. मुलगी परवा आपणहून म्हणाली, "पुढच्या वेळी अर्धाच किलो घेईन आणि उरलेल्यात मेथी." मी म्हटलं, "बरं."

एवढंच म्हटलं. पण मैत्रिणींनो, तेवढं म्हणायला मला पुरतं बळ लागलं!